परमुलखातील टपालघरे
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मराठीच्या अध्यापकाने अशा प्रसंगी संतसाहित्य किंवा नवकाव्य सोडून टपालघरांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ग्वाल्हेरात राहून मराठी वाचणाऱ्या माणसाचे टपालाशी जे नाते आहे, ते पुण्यामुंबईच्या वाचकाला पुरतेपणी उमजणार नाही. आपल्या मेजावरची मासिके आणि दिवाळी अंक पिढ्यान्‌पिढ्या आले ते पोस्टमनच्या पिशवीतूनच. शिवाय टपालाच्या छांदिष्टाला हे गाव मुळातच भाग्याचे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर ग्वाल्हेरचे नाव छापून ती संस्थानात वापरण्याची प्रथा १८८५ साली सुरू झाली. ती तिकिटे हिंदुस्थानभर चालत, हिंदुस्थानाबाहेर मात्र नाही. त्यामुळे ग्वाल्हेरचे तिकीट लावलेले पाकीट लंडनला पोचत नसे. मी त्या बाजूने उलटा प्रवास केला, इतकेच.

मुलगी लंडनला नोकरीस असल्यामुळे तिकडे जाणे घडले. इतर मंडळी राजवाडे पाहतात, मी टपालघर शोधतो. पहिल्या दिवशी निराशाच पदरी पडली. मुलीच्या उपनगरातले टपालघर म्हणजे एका किराणा दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातली खिडकी. पाव आणि दुधाच्या बाटल्या ओलांडून तेथवर जायचे. तिकीट मागितले तर यंत्रातून निघालेली चिठ्ठी चिकटवून मिळाली. ‘चित्राचे तिकीट हवे, आणि शिक्का हाताने मारा,’ असे सांगितल्यावर खिडकीतल्या बाईंनी खण उघडून शिक्का शोधला. तो उमटला मात्र सुरेख.

रस्त्यावरच्या पत्रपेट्यांनी ती निराशा भरून काढली. या पेट्यांशी साहित्याचा जवळचा संबंध आहे. अँथनी ट्रोलप हा कादंबरीकार टपाल खात्यात अधिकारी होता. पहाटे उठून कादंबरी लिहायची आणि मग कचेरीस जायचे, हा त्याचा नेम. त्याच्याच सूचनेवरून १८५२ साली जर्सी बेटावर रस्त्याकडेच्या पत्रपेट्या प्रथम उभ्या राहिल्या. पुढे इंग्लंडात पेट्यांना हिरवा रंग ठरला, पण हिरवळीत त्या दिसेनात, म्हणून १८७४ पासून त्या लाल होऊ लागल्या. आपल्याकडची लाल पेटी त्याच परंपरेतली.

बहुतेक पेट्यांवर तत्कालीन राजाची वा राणीची आद्याक्षरे कोरलेली असतात. हे निरुपद्रवी वाटते, पण तसे नाही. १९५२ साली एडिंबरोच्या इंच या वस्तीत दुसऱ्या एलिझाबेथची अक्षरे असलेली पेटी बसली. पहिली एलिझाबेथ स्कॉटलंडची राणी कधीच नव्हती, मग ही ‘दुसरी’ कशी, असा तेथील लोकांचा सवाल. फेब्रुवारी १९५३ मध्ये ती पेटी स्फोटाने उडवण्यात आली. त्यानंतर स्कॉटलंडातील नव्या पेट्यांवर अक्षरांऐवजी केवळ स्कॉटिश मुकुट आला. सीमाप्रश्न आणि भाषावार प्रांतरचना जवळून पाहिलेल्या आपल्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आयर्लंडने निराळी वाट धरली. १९२२ साली स्वतंत्र राज्य झाल्यावर त्यांनी ब्रिटिशांच्या पेट्या उपटल्या नाहीत, फोडल्याही नाहीत; हिरवा रंग फासला आणि वापरात ठेवल्या. डब्लिनच्या रस्त्यावर अशा एका पेटीवरून मी बोटे फिरवली, तेव्हा रंगाच्या थरांखाली सातव्या एडवर्डची अक्षरे हाताला लागली. द्वेषापेक्षा काटकसर अधिक शहाणी असते, असे मला त्या वेळी वाटले. इतिहासाचे प्राध्यापक कदाचित सहमत होणार नाहीत.

त्याच शहरातले मुख्य टपालघर हे माझ्या प्रवासाचे खरे तीर्थ. १८१८ साली उघडलेली ही भव्य स्तंभांची वास्तू. २४ एप्रिल १९१६ रोजी बंडखोरांनी तिचा ताबा घेतला आणि पॅट्रिक पिअर्स याने तिच्यासमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. आठवडाभरात तोफा आणि आग यांनी आतला भाग भस्मसात झाला. बाहेरच्या भिंती तेवढ्या राहिल्या. १९२९ साली ती पुन्हा उघडली, आणि टपालघर म्हणूनच उघडली. स्मारक करून कुलूप घातले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. मी गेलो त्या दिवशी तेथे म्हातारी माणसे निवृत्तिवेतनासाठी रांगेत उभी होती. मीही रांगेत उभा राहून आपल्या ग्रंथालयाच्या पत्त्याचे पाकीट पुढे केले. कारकुनाने पिनकोडावर बोट ठेवून ‘हा कोणता भाग?’ असे विचारले. पिनकोडाची योजना १९७२ साली आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी होते, हे त्याला सांगण्याचा मोह मी आवरला नाही. महाराष्ट्र, गोवा आणि आपला मध्य प्रदेश यांचा पिनकोड चार या एकाच अंकाने सुरू होतो. प्रांतरचनेने जे तोडले, ते निदान टपालाने एका रकान्यात ठेवले!

बर्न येथे १८७४ साली बावीस देशांनी टपालसंघ स्थापला. हिंदुस्थान त्यात १८७६ साली आला. संघाचा मूळ नियम मोठा मनोज्ञ आहे. टपालहशील पाठवणाऱ्या देशाने ठेवायचे, पोचवणाऱ्याने काही मागायचे नाही. कारण प्रत्येक पत्राला उत्तर जाणारच, म्हणजे हिशेब आपोआप फिटेल! जवळजवळ शंभर वर्षे जगाचा कारभार या गृहीतकावर चालला. १९६९ सालच्या टोकियो परिषदेत ते सोडून देणेघेणे ठरले.

आता उत्तरेही जात नाहीत. डेन्मार्कच्या सरकारी टपालसंस्थेने ३० डिसेंबर २०२५ रोजी शेवटची पत्रे वाटली. १६२४ पासूनची परंपरा तेथे संपली, रस्त्यावरच्या पेट्याही निघाल्या. पत्रे वाटण्याचे काम आता एक खाजगी कंपनी करते.

हे दूरचे वाटत असेल तर घरचे सांगतो. आपल्याकडे ग्रंथांसाठी असलेली स्वस्त बुकपोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. प्रकाशकांची ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर. पुस्तकांपुरते ठीक आहे. पण नियतकालिके त्यात बसत नाहीत. नोंदणीकृत वृत्तपत्राची सवलत ज्यांना नाही, अशा लहान मराठी मासिकांनी इतक्या दूर अंक पाठवायचा कसा? व्यवस्थापक मंडळाने टपाल खात्याकडे लेखी विचारणा करावी आणि वर्गणीदार सभासदांच्या सह्या तिला जोडाव्यात, अशी माझी विनंती आहे. मसुदा मी लिहून आणला आहे.

परदेशातून आपल्या पत्त्यावर पाठवलेली पाकिटे वाचनकक्षातील मेजावर मांडली आहेत. हात लावून पाहण्यास हरकत नाही. डब्लिनचे तेवढे खिडकीशी नेऊ नये. त्यावरील शिक्क्याची शाई आधीच फिकी आहे.