कोंबड्या एकमेकींची पिसे का उपटतात?
(मंडळाच्या वार्षिकोत्सवातील भाषण)



ईशस्तवन झाले, अहवाल झाला, आणि आता मी कोंबड्यांवर बोलावयास उभी आहे, याचे काहींना हसू येईल. परंतु पालघर, बोईसर, तारापूर या टापूत ज्या भगिनी परसात पाच-दहा कोंबड्या पाळतात, त्यांना ठाऊक आहे की अंड्यांचे पैसे बहुधा थेट बाईच्याच हाती येतात आणि त्यांचा हिशेब कोणी मागत नाही. मुलाची वही, औषधाची बाटली त्यातूनच निघते. म्हणून ऐन पावसाळ्यात एके सकाळी खुराडे उघडावे आणि अंड्यावर आलेली तलंग शेपटीपाशी रक्तबंबाळ होऊन पडलेली दिसावी, हे काही लहान संकट नव्हे.

अशा वेळी घरातून दोन सल्ले मिळतात. एक, टोचणारीला कापून खा. दुसरा, तिची चोच छाटा. पहिल्याने एक जेवण होते आणि आठवड्याने दुसरी टोचू लागते. दुसरा तर मला मुळीच मान्य नाही. चोच म्हणजे नख नव्हे; तिच्या टोकात शिरा व मज्जातंतू असतात. नॉर्वे आणि स्वीडन या देशांत चोच छाटण्यास कायद्यानेच बंदी आहे.

आधी खरोखर टोचाटोचीच आहे काय, ते पाहावे. वर्षातून एकदा कोंबडी आपण होऊन जुनी पिसे टाकते. तेव्हा पिसे जमिनीवर पडलेली दिसतात आणि अंगावर नवे कोंब फुटतात. कोंबड्याच्या चढण्याने पाठ व मानेची मागची बाजू उघडी पडते. खुडूक कोंबडी स्वतःच्याच छातीची पिसे उपटते. पण शेपटीच्या बुडाशी तुटके खुंट दिसत असतील आणि खुराड्यात पीस मात्र औषधालाही सापडत नसेल, तर ती पिसे कोणीतरी खाल्ली आहेत, असे खुशाल समजावे.

आता, हे भांडण आहे काय? कोंबड्यांत मानपान असतो खरा. नॉर्वेच्या शेल्डेरूप-एब्बे या गृहस्थांनी १९२१ च्या सुमारास तो प्रथम नीट मांडला: कोणी कोणाला टोचावयाचे याची कळपात उतरंड ठरलेली असते. (आपल्यापैकी एकत्र कुटुंबात नांदलेल्यांना त्यासाठी नॉर्वेला जाण्याची गरज नाही.) परंतु मानपानाची टोच डोक्यावर बसते आणि तेवढ्यावर मिटते. शेपटीची पिसे उपटणे ही निराळीच गोष्ट. मोकळी कोंबडी दिवसाचा बराचसा वेळ उकरण्यात आणि टिपण्यात घालविते. ते काम तिला मिळाले नाही, की तिची चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. एकदा रक्ताचा लाल ठिपका दिसला, की मग सगळ्याच धावतात.

आपल्याकडे हे काम नेमके केव्हा हिरावले जाते? भाताचे रोप वर आले की शेजाऱ्याची बोलणी नकोत म्हणून आपण कोंबड्या कोंडतो, आणि मग पाऊस त्यांना बाहेर पडू देत नाही. त्यात १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली, चाळी उठल्या आणि अंगणे आखडली. रात्रीपुरती कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा चालेल. दिवसभर कोंडावयाच्या असतील तर चारपेक्षा कमी नको. जागा नसेल तर कोंबड्या कमी ठेवाव्यात.

दुसरे कारण पोटाचे. कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते. आपण कणी आणि कोंडा टाकतो. तांदळात प्रथिने शेकडा सात-आठ. अंडी देणाऱ्या कोंबडीला हवीत सोळाच्या आसपास. पीस हे बहुतांश प्रथिनच असते. वनराज, गिरिराज यांसारख्या भरपूर वाढणाऱ्या जातींना तर ही उणीव अधिकच जाणवते. आपल्याला उपाय शोधावयास दूर जावे लागत नाही: सातपाटी, मुरबे, दांडी, कुठलाही बाजार घ्या, सुका जवळा मिळतोच. दहा कोंबड्यांना रोज दोन मुठी कुटून द्यावा. याहून जास्त दिल्यास अंड्याला वास येतो. खारवलेली मासळी मात्र नको. जादा मीठ कोंबडीला मारक ठरते. पाड्यावरच्या बायका वाळवीचे ढेकूळ आणून फोडतात, ते तर उत्तमच.

दाणा ताटलीत न घालता भाताच्या पेंढ्यात विखरून टाकावा, म्हणजे कोंबड्या तासन्‌तास उकरीत बसतात. मुळ्याचा पाला किंवा माठाची जुडी त्यांच्या डोक्याच्या जरा वर टांगावी. एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख ठेवावी. धूळस्नान झाले की उवा कमी होतात, आणि अंगाची खाज हेही टोचाटोचीचे एक निमित्तच आहे. खुराड्याच्या फटींत दिवसा दडून रात्री रक्त पिणाऱ्या बारीक लाल किडी असतात. त्या फटी खरवडून चुना लावावा. रात्रभर दिवा जळत ठेवू नये. अंडी घालण्याच्या जागेवर गोणपाटाचा पडदा सोडावा, कारण अंडे पडल्यावर क्षणभर दिसणारा लाल भाग इतरांच्या नजरेस पडला, की तेथेच चोच बसते आणि कोंबडी हकनाक मरते.

जखमी कोंबडी त्याच क्षणी वेगळी करावी. जखम कोमट पाण्याने धुऊन हळद-खोबरेल लावावे. हळदीने लाल रंगही झाकला जातो. जखम खोल असेल किंवा तीत अळ्या दिसल्या, तर घरगुती उपाय सोडून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तिला डालग्याखाली, पण इतरांच्या नजरेसमोर ठेवावे, म्हणजे त्या तिला विसरत नाहीत. पीस फुटून कातडी झाकल्यावर रात्री अंधारात दांडीवर इतरांशेजारी बसवून द्यावे. टोचणारी एकच असेल तर तिलाही चार-आठ दिवस दुसरीकडे काढावे. परत येते तेव्हा तिचा मान उतरलेला असतो आणि ती बरीच गुमान राहते.