क्योटोचे इनामोरी



कार्यकारिणीने सांगितलं, "देणगीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं बोल." टाटांवर बोलणारी जाणकार मंडळी समोर बसलेली आहेत, म्हणून मी एक जपानी माणूस निवडला. मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे थोडं इंजिनिअरिंग येणारच. सांभाळून घ्या.

काझुओ इनामोरी १९३२ साली कागोशिमाला जन्मले. लहानपणी क्षय झाला. ओसाका विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास, म्हणून गावच्याच विद्यापीठातून पदवी. १९५५ मध्ये क्योटोतल्या एका कंपनीत लागले. ती विजेचे चिनी मातीचे इन्सुलेटर बनवायची आणि पगार काही वेळेवर द्यायची नाही. बरोबरीची मुलं सोडून गेली, हे राहिले. फोर्स्टेराइट नावाची पूड काही केल्या घट्ट बांधली जाईना. एक दिवस प्रयोगशाळेत पॅराफिन मेणाच्या भांड्याला अडखळले, मेण बुटाला चिकटलं आणि उत्तर सापडलं! पूड मेणात घोळवायची, साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची. मेण जळून जातं, आकार राहतो. हा भाग टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये बसायचा.

१९५९ मध्ये २८ माणसांनिशी क्योटो सेरामिक, म्हणजे क्योसेरा, सुरू झाली. इचिए निशिएदा नावाच्या गृहस्थांनी या पोरासाठी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून १ कोटी येनचं कर्ज मिळवून दिलं. मला तर इनामोरींइतकेच हे निशिएदा थोर वाटतात.

दोनच वर्षांनी अकरा तरुण कामगार पुढे आले : पगारवाढीची आणि बोनसची हमी द्या, नाहीतर चाललो. इनामोरी त्यांना घरी घेऊन गेले आणि तीन दिवस समजावत बसले. तोवर कंपनी म्हणजे आपलं तंत्रज्ञान जगाला दाखवायची जागा, असं त्यांना वाटे. त्यानंतर त्यांनी कंपनीचा उद्देशच बदलून लिहिला. कर्मचाऱ्यांचं भौतिक आणि मानसिक सुख त्यात पहिलं आलं.

आता अवघड भाग. जानेवारी २०१० मध्ये जपान एअरलाइन्स सुमारे २ लाख ३० हजार कोटी येनच्या कर्जाखाली बुडाली. ७८ वर्षांच्या इनामोरींनी एक येनही पगार न घेता अध्यक्षपद स्वीकारलं. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली. पण मधल्या काळात सुमारे १६,००० नोकऱ्या गेल्या. सक्तीने काढलेल्या १६५ वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण कोर्टात गेले. तिथे साक्ष देताना खुद्द इनामोरी म्हणाले, की त्यांना ठेवणं अशक्य नव्हतं. तरी ते लोक हरले. आपल्यापैकी कितीतरी जणांनी लेऑफचा तो ईमेल वाचलेला आहे, म्हणून हे गाळून पुढे जाणं मला बरं वाटलं नाही. चरित्रं लिहिणारे बरेचदा गाळतात.

देण्याबद्दल सांगायचं तर १९८४ मध्येच त्यांनी स्वतःच्या संपत्तीतले सुमारे २,००० कोटी येन घालून इनामोरी फाउंडेशन काढलं. १९८५ पासून ते क्योटो पुरस्कार देतं. २०२२ च्या जूनमध्ये कलेच्या पुरस्कारासाठी नाव जाहीर झालं माहीमच्या झाकीर हुसेन यांचं! रक्कम १० कोटी येन. २४ ऑगस्टला इनामोरी नव्वदाव्या वर्षी गेले. नोव्हेंबरमध्ये क्योटोला समारंभ ठरल्याप्रमाणे झाला.

पाकिटं मागच्या टेबलावर आहेत, चहाशेजारी. चेकवर मंडळाचं पूर्ण नाव लिहा.