घरच्या हातांची सजावट

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या दिवसांत देवालय, प्रार्थना व धर्मशिक्षण यांविषयीं पुष्कळ बोललें गेलें. आज आम्ही एका साध्या, किंबहुना क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. तो विषय म्हणजे घरांतील सणसमारंभांची सजावट. कागद, बांबू, पेंढा आणि खळ यांविषयीं धर्मगुरूनें बोलावें हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु या वस्तूंच्या मागें कुटुंबाची शांति आणि शेजाऱ्याची अब्रू दडलेली आहे, असें आमच्या अनुभवास आलें आहे.

आपल्या वसई प्रांतांत घरच्या कार्यास लागणारें साहित्य एके काळीं बहुतेक वाडींतूनच येत असे. आंब्याचे टाळे, केळीचे खांब, नारळाच्या झावळ्या, मोगरा आणि सोनचाफा यांनीं मांडव सजे. झावळ्या विणावयास शेजारी येत, माळा ओवावयास बायका बसत, आणि कार्य एका घराचें असलें तरी मांडव साऱ्या आळीचा होई. आज बहुधा मांडव भाड्यानें येतो, दुसरे दिवशीं निघून जातो, आणि बिल मात्र घरीं राहतें. त्या बिलाचें आम्हांस भय वाटतें. बाळ सहा महिन्यांचें झालें तरी बाप्तिस्मा होत नाहीं, आणि कारण विचारलें असतां, “फादर, अजून समारंभाची सोय झाली नाहीं,” असें उत्तर मिळतें. १९८३ सालच्या धर्मविधिसंहितेचा ८६७ वा नियम असा आहे, कीं जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांतच आईबापांनीं बालकाचा बाप्तिस्मा करवावा. हा संस्कार फुगे आणि कमानी यांसाठीं अडून राहावा, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या प्रभूच्या जन्मसमयीं कोणती सजावट होती, हें संत लूक सांगतो. बाळास गुंडाळावयास फडकें आणि निजवावयास गव्हाण, एवढेंच साहित्य होतें. इ. स. १२२३ च्या नाताळांत असीसीचे संत फ्रान्सिस यांनीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं तो प्रसंग लोकांपुढें उभा केला, तेव्हां त्यांनींही गव्हाण, वाळलेलें गवत, एक बैल आणि एक गाढव यांचीच योजना केली. गांवकरी मशाली घेऊन आले, गव्हाणीपाशीं मिस्सा झाला, आणि तेवढ्यानें सर्वांचीं मनें भरून आलीं. त्याच ग्रेच्चो येथें १ डिसेंबर २०१९ रोजीं दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं गोठ्याविषयींच्या एका पत्रावर सही केली. नाताळापूर्वीं कुटुंबानें मिळून घरीं गोठा रचण्याची सुंदर चाल टिकवावी, असें उत्तेजन त्यांनीं त्या पत्रांत दिलें आहे.

आतां कृतीकडे वळूं. आगमनकाळाचे रविवार चार आहेत. प्रत्येक रविवारीं एक काम पुरे.

पहिल्या रविवारीं साहित्य गोळा करावें. केळीचे वाळलेले सोप, थोडा भाताचा पेंढा, नारळाची करवंटी, जुनें गोणपाट आणि रिकामे डबे, यांपैकीं बहुतेक वस्तु घरीं किंवा शेजारीं मिळतील.

दुसऱ्या रविवारीं चांदणी करावी. बुरुडाकडून बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या आणाव्या. पांच कामट्या एकमेकींवर तिरप्या ठेवून पांच टोंकांची एक चांदणी बांधावी. तशीच दुसरी बांधावी. दोहींचीं टोंकें जुळवून दोऱ्यानें आवळावीं, आणि आंत जेथें कामट्या एकमेकींस छेदतात त्या पांच ठिकाणीं चार चार बोटें लांबीचे आधार अडकवावे, म्हणजे चांदणीस फुगीरपणा येतो. मग गव्हाच्या पिठाची खळ शिजवून पतंगी कागद चिकटवावा. एका बाजूस जागा ठेवून आंत लहानसा एलईडी दिवा सोडावा. मेणबत्ती किंवा तापणारा दिवा कागदाच्या चांदणींत कधींही ठेवूं नये.

तिसऱ्या रविवारीं हिरवळ पेरावी. दोन मुठी गहूं रात्रभर भिजवून पसरट ताटांत मातीच्या पातळ थरावर पसरावे, वर किंचित् माती भुरभुरावी आणि रोज पाणी शिंपडावें. कोंब फुटल्यावर ताट उजेडांत ठेवावें. आठ-दहा दिवसांत गोठ्याभोंवतीं मांडण्याजोगी हिरवळ होते.

चौथ्या रविवारीं गोठा रचावा. गोणपाट पातळ चिखलांत बुडवून उपड्या डब्यांवर पसरलें, कीं वाळल्यावर त्याचा डोंगर होतो. केळीच्या सोपांच्या भिंती, पेंढ्याचें छप्पर आणि करवंटीची विहीर करावी. मूर्ति नव्या घेण्याची गरज नाहीं. आजीच्या वेळची कान तुटलेली मेंढी कळपांत चालते. बाळ येशूची मूर्ति मात्र नाताळच्या रात्रीं घरांतील सर्वांत लहान मुलाच्या हातून ठेववावी. तीन राजांचा सण झाल्यावर हिरवळ व पेंढा गुरांस घालावा किंवा खताच्या खड्ड्यांत टाकावा. चांदणीचा सांगाडा माळ्यावर ठेवावा. पुढील वर्षीं त्यास नवा कागद पुरे.

हीच रीति बाप्तिस्म्यास, प्रथम ख्रिस्तप्रसादास आणि विवाहासही लागू पडते. जुन्या साड्यांच्या पताका, वाडींतील फुलांच्या माळा आणि दारीं केळीचे खांब एवढ्यानें घर शोभून दिसतें.

कोणी म्हणतील, थर्माकोलचा गोठा तासाभरांत उभा राहतो. तो राहतो खरा. परंतु तो कुजत नाहीं, आणि सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. दुसरे म्हणतील, पहाटेची लोकल गांठणाऱ्यास वेळ कोठला? त्यांस आमचें उत्तर असें, कीं सारें काम मिळवत्या माणसानेंच करावें असें नाहीं. आजोबांच्या हातास कामटी तासण्याची संवय आहे आणि नातवास ती पाहण्याची हौस आहे. दोघांस एकत्र बसावयास निमित्त मात्र मिळत नाहीं. तें निमित्त गोठा देईल.

आतां मुख्य गोष्ट. हा उपदेश आम्ही गरिबांस करीत नाहीं. काटकसर त्यांस शिकवावी लागत नाहीं. परंतु गरिबानें एकट्यानें साधेपणा धरला तर लोक त्यास लाचारी म्हणतात, आणि त्या शब्दाच्या भयानें तो कर्ज काढतो. म्हणून ज्यांस परवडतें त्यांनीं आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे. आळींतील मोठ्या घरानें आपल्या मांडवास झावळ्या बांधल्या, तर शेजारच्या लहान घरास मान वर करून कार्य करतां येईल. हें औदार्य पैशाच्या देणगीहून कमी नाहीं, कारण यांत घेणाऱ्यास हात पसरावा लागत नाहीं.

यंदाच्या नाताळांत एकमेकांचे गोठे पाहावयास जाल, तेव्हां किती खर्च आला हें विचारूं नका. गोठा कोणीं केला, तें विचारा, आणि ज्या मुलांनीं तो केला त्यांच्या तोंडून सारी हकीकत ऐका. परमेश्वर आपणां सर्वांच्या घरांस आणि घरांतील हातांस आशीर्वाद देवो.