विजेचे घरगुती गणित

विजेचा हिशेब हा केवळ अभियंत्यांचा विषय, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः तो प्रत्येक कुटुंबाच्या सुरक्षिततेचा विषय होय.

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी 1827 साली मांडलेल्या नियमानुसार व्होल्टला अँपिअरने भागले असता रोध मिळतो. त्यांचाच गुणाकार केल्यास शक्ती, म्हणजे वॅट, मिळते. पाणी तापविणाऱ्या हीटरमधून 230 व्होल्टला 8 अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर त्याचा रोध 28.75 ओहम आणि शक्ती 1840 वॅट होय. असा हीटर 6 अँपिअरच्या सॉकेटला जोडणे धोक्याचे आहे.

मोठ्या सॉकेटमध्येही तारेचा सांधा सैल राहून तेथे अवघा अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तर सुमारे 4 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात व सुमारे 32 वॅट उष्णता कोंडते. डाख लावण्याच्या सोल्डरिंग आयर्नइतकी ही उष्णता! प्रवाह वाढलेला नसल्याने फ्यूज वितळत नाही. तारेचे आवरण मात्र वितळते.

म्हणून उपकरण घेताना त्यावरील वॅटला 230 ने भागावे व येणारे अँपिअर सॉकेटवरील आकड्याशी ताडून पाहावेत. सॉकेट तापू लागल्यास मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला पाचारण करावे.