स्वामींचा शब्द

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्यातील पुष्कळ तरुण आज कचेऱ्यांत, कारखान्यांत व काही सैन्यातही दहा-वीस माणसांचे वरिष्ठ झालेले आहेत. हाताखालच्या माणसास समज द्यावयाची आणि वर्षाअखेर त्याच्याविषयी चार ओळींचा शेरा लिहावयाचा, हे काम त्यांच्या वाट्यास येते. आम्हीही जन्मभर मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरेच लिहिले. तेव्हा श्रीशिवछत्रपती आपल्या माणसांची कानउघाडणी कशी करीत, याविषयी थोडे बोलावे असे मनात आले.

मुरुडच्या समुद्रात महाराजांनी पद्मदुर्ग बांधावयास काढला, तो जंजिऱ्याच्या सिद्दीस शह देण्यासाठी. तेथील कामावर असलेल्या आरमारी सरदारांस पैसा व धान्य पोचविण्याची आज्ञा सुभेदार जिवाजी विनायक यांस होती. रसद पोचली नाही. महाराजांनी त्यांस लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. सिद्दीने काही देऊन तुम्हांस आपले चाकर केले काय, असा रोकडा सवाल त्यात आहे. आणि ब्राह्मण म्हणून कोणी गय करील या भ्रमात राहू नये, असेही बजावले आहे. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून आम्ही हे मुद्दाम सांगतो. 'आपला माणूस आहे, सांभाळून घ्या' अशी चिठ्ठी घेऊन येणारे आम्हांस नोकरीत थोडे भेटले नाहीत.

दुसरे पत्र चिपळूण भागात छावणीस असलेल्या लष्करास लिहिलेले. त्याचा सूर अगदी निराळा, कारण येथे अपराध अद्याप घडलेलाच नाही. पावसाळा तोंडावर आलेला, दाणा-वैरण मोजकी. महाराज समजावून सांगतात : आताच मनास येईल तशी वैरण उधळलीत तर भर पावसात ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरचा दाणा, भाकरी, गवत, भाजी ओढून आणू लागाल, आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. गवताजवळ चुली पेटवू नका, तंबाखू ओढू नका. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी जळतील. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराने नेलेल्या वातीपर्यंत खाली उतरतो! प्रत्येक मनाईपाठीमागे तिचे कारण दिलेले आहे. शिपायास कारण कशास सांगावयाचे, असे महाराजांस वाटले नाही. आम्ही हे पत्र वर्गात दरवर्षी वाचून दाखवीत असू, आणि उंदराशी आले की मागच्या बाकांवरची मुलेही मान वर करीत.

परंतु स्वामींच्या शब्दाने कधी विपरीतही घडते. १६७३ मध्ये उमराणीजवळ सरनौबत प्रतापराव गुजर यांनी विजापूरच्या बहलोलखानास कोंडले, त्याचे पाणी तोडले, आणि तो काकुळतीस आला तेव्हा त्यास जाऊ दिले. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. त्यास बुडविल्यावाचून आम्हांस तोंड दाखवू नये, असे महाराजांनी लिहिल्याचे सभासद बखर सांगते. चूक मोठी होती, बोल अन्यायाचा नव्हता; पण तो बसला अत्यंत मानी माणसाच्या वर्मी. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी (परंपरा सहा सांगते) खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि ठार झाले. ही कथा आम्ही वर्षानुवर्षे वीरश्रीने सांगत आलो. ते एक वाक्य लिहिणाऱ्यास पुढे काय वाटले असेल, हा प्रश्न मात्र आमच्या मनात फार उशिरा आला. महाराज अतिशय कष्टी झाले, असे बखरकार म्हणतो.

एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही एकदा 'याच्याने काही होणे नाही' असे लिहिले होते. गणितापुरते ते खरे होते. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. त्याच्या बापास एकदा जाऊन भेटावे, हेही आम्हांस तेव्हा सुचले नाही.

महाराजांस ते सुचत असे. १६६६ मध्ये पन्हाळ्यावरील हल्ल्याच्या वेळी सरनौबत नेताजी पालकर समयास पोचले नाहीत, म्हणून महाराजांनी त्यांस दूर केले. नेताजी विजापूरकरांकडे गेले, तेथून मोगलांकडे. तिकडे त्यांचे धर्मांतरही झाले. दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, ते परत आले, तेव्हा महाराजांनी त्यांस शुद्ध करवून पुन्हा पदरी घेतले. जुना शेरा पुसला गेला.

प्रतापरावांच्या बाबतीत तशी सोय उरली नव्हती. १६८० च्या मार्चमध्ये महाराजांनी धाकटे चिरंजीव राजाराम यांचे लग्न केले, ते प्रतापरावांची कन्या जानकीबाई हिच्याशी. त्यास महिनाही लोटला नाही तोच, ३ एप्रिल रोजी, रायगडावर महाराजांनी देह ठेवला.