‘गार झाला’ म्हणण्याआधी

माणूस गेला हे सांगताना आपल्याकडे ‘तो गार झाला’ असं म्हणतात. गार होणं म्हणजे संपणं, हे आपल्या भाषेनंच ठरवून टाकलंय. अपघात विभागात पंचवीसेक वर्षं काढल्यावर मला या शब्दाची धास्ती वाटते. कारण हातपाय गार पडतात तेव्हा पुष्कळदा माणूस संपलेला नसतो. थोडा वेळ हाताशी असतो, आणि तो आपण रडण्यात घालवतो.

‘शॉक’ हा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. विजेचा बसतो, नाहीतर वाईट बातमीचा. डॉक्टरांचा शॉक निराळा. पेशींना पुरेसं रक्त, म्हणजेच प्राणवायू, पोचेनासा होतो ती ही अवस्था. मग शरीर काटकसर करतं. टंचाईत बागेचं पाणी तोडून पिण्याला राखावं, तसं हातापायांचं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं. म्हणून हात गार आणि घामेजलेले, नाडी बारीक पण भरभर चालणारी, घशाला कोरड.

मी इंटर्न होतो तेव्हाची गोष्ट. कोकणातलं छोटं रुग्णालय, जुलैचा पाऊस. मोटरसायकलवरून पडलेला एक तरुण आला. मांडीचं हाड मोडलेलं, बाहेर रक्त फारसं नाही. ‘डॉक्टर, पाणी द्या हो,’ म्हणत होता. बोलतोय म्हणजे बरा आहे, असं नातेवाईक म्हणाले आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. रक्तदाब जवळजवळ नॉर्मल होता ना! तरुण शरीर साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत, म्हणजे ५ लिटरमधलं दीड लिटर, रक्तदाब सावरून धरतं आणि मग एकदम ढासळतं. हे मी पाठ केलं होतं, पण त्याचा हात हातात घेऊन पाहिला नव्हता. मोडलेल्या मांडीत लिटरभर रक्त सहज साठतं. मी सलाइनच्या बाटल्या लावत सुटलो. तेवढ्यात आमच्या सिस्टर आल्या आणि कात्रीनं त्याचे भिजलेले कपडे कापू लागल्या. म्हणाल्या, ‘डॉक्टर, पोरगं कुडकुडतंय, दिसत नाही का?’

कोकणात कसला आलाय हायपोथर्मिया, असं तुम्ही म्हणाल. पण शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली जायला बर्फ लागत नाही. ओले कपडे, गार फरशी, डोक्यावरचा पंखा आणि गार सलाइन पुरतं. थंड रक्त नीट गोठत नाही, म्हणून रक्तस्राव थांबत नाही, आणि तो थांबत नाही म्हणून अंग आणखी गार पडतं. तेव्हा जखम दाबून धरा, ओले कपडे काढा, अंगावर आणि अंगाखालीही कोरडं पांघरूण घाला. पाणी, चहा काही पाजू नका. उलटी श्वासनलिकेत जाते. तो मुलगा वाचला. रक्त मिळालं, ऑपरेशन झालं. श्रेय सिस्टरांचं.

मात्र गार हात दिसला की सलाइन, हेही बरोबर नाही. लाल विंचू चावलेल्याचे हातपाय असेच गार पडतात. तिथे रक्त गेलेलं नसतं. विषानं रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. अशा वेळी सलाइनचा मारा केला, तर माणूस आतल्या आत बुडतो. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी इथे जीव वाचवते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. खेड्यात राहून केलेलं हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

नॉर्वेत १९९९ साली आन्ना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना बर्फाखालच्या ओढ्यात अडकली. ८० मिनिटांनी बाहेर काढली तेव्हा हृदय बंद होतं. रुग्णालयात तापमान भरलं १३.७ अंश. पण वाटेत सोबत्यांनी छाती दाबणं सोडलं नव्हतं. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात यंत्रानं तिचं रक्त हळूहळू गरम केलं आणि ती जगली. पुढे त्याच रुग्णालयात डॉक्टर म्हणून कामही केलं. थंडीनं तिचा मेंदू आधीच निजवला होता, म्हणून तो टिकला.

आपल्या दिवाणखान्यात कोसळलेल्या माणसाला ही सवलत नसते. त्याचा मेंदू चार-पाच मिनिटांत बिघडू लागतो. पाण्याबाहेरच्या मासळीसारखा तो अधूनमधून आ करतो. घरघर लागली, असं म्हणून कुणीतरी गंगाजल आणायला धावतं. तो श्वास नव्हे. हृदय नुकतंच थांबल्याची ती खूण आहे. हाक मारून ओ देत नसेल आणि श्वास नीट नसेल, तर एकानं १०८ ला फोन लावावा. दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावं. दोन मिनिटांत दम लागतो. मग तिसऱ्याला बसवावं.