आजीचे माहेर कोणत्या राज्यात?
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दोडामार्ग येथे दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. अशा प्रसंगी उपदेश मुलांना करण्याची रीत आहे. आज आम्ही तो वडीलधाऱ्यांना करणार आहोत.

मुले सदासर्वदा मोबाइलवर खेळतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. परंतु खेळ हा विद्येचा वैरी, असे आपल्या पूर्वजांनी मानले नव्हते. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफाच पाहा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० पाने. दिवसा रामाने डाव सुरू करावयाचा, रात्री कृष्णाने. दहा अवतार निराळे पाठ करण्याची गरजच उरत नसे. ही कला लोप पावत असता शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागिरांच्या साहाय्याने तिला गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात नवे जीवन दिले. जुन्या माणसांना वेळीच विचारले, म्हणून ती वाचली.

आज साधनांची उणीव नाही. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड टिपला की २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’वरील पाठ उघडतो. रत्नागिरी व सावंतवाडीचे १८८० चे गॅझेटिअर पूर्वी ग्रंथालयाच्या कपाटात असे. आता ते घरबसल्या वाचता येते. इस्रोच्या ‘भुवन’वर आपल्या तालुक्याचे डोंगर आकाशातून दिसतात. परंतु इतिहासाचे पुष्कळसे ऑनलाइन खेळ चार उत्तरांतून एक निवडण्यापाशीच थांबतात. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ मध्ये झाली, हे बोटाने दाबले की गुण मिळतात; दुसऱ्या दिवशी सन विसरला जातो.

म्हणून आमच्या मनात एक निराळा खेळ आहे. मुलापुढे आपल्या सरहद्दीचा नकाशा असावा. त्याने सन पुढे सरकवावा, तसतसे गावांचे रंग पालटावेत. १७८८ मध्ये पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेलेले दिसेल. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईल. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा उदयास येईल. मग खेळाने एकच प्रश्न विचारावा : तुझ्या आजीचे माहेर त्या वर्षी कोणत्या राज्यात होते?

भाषा एक, दैवते एक, सोयरीक एक. राज्ये मात्र दोन. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या व पुढे सरहद्द बंद झाली. हे पुस्तकांत सापडते. परंतु त्या वर्षांत कोणाची लेक माहेरी येऊ शकली नाही, कोणाचे लग्न अडले, कोणी रात्री रानवाटेने निरोप नेला, हे कोणत्याही संगणकात नाही. ते आपल्या ओसरीवर बसलेल्या माणसांपाशी आहे. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. आणखी दहा वर्षांनी आपण कोणास विचारणार?

चतुर्थीस मुंबईहून व गोव्याहून मंडळी घरी येतात. त्या दिवसांत मुलांनी आजी-आजोबांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. सन, गाव व सांगणाऱ्याचे नाव लिहावे. डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले वेगळे ठेवावे. जुन्या कागदांची छायाचित्रे घ्यावीत, मूळ कागद घरीच जपावेत. त्यावरून शिक्षकांना खेळ रचता येईल.

एक कटू गोष्टही बोलणे प्राप्त आहे. ज्ञातीच्या कुलवृत्तांतांत शौर्यकथा पुष्कळ असतात, आधार मात्र थोड्यांना असतो. गावाचा इतिहास एका ज्ञातीचा नव्हे. नांगर धरणारा, मडकी घडविणारा, देवळात ढोल वाजविणारा, सर्वांचा त्यात वाटा आहे. ज्या खेळात आपलाच पूर्वज नेहमी जिंकतो, तो इतिहास नव्हे. पुरावा आपल्या अभिमानाविरुद्ध गेला, तरी तो नकाशावर राहिला पाहिजे. ही शिस्त मुलांना लागली, तर या सत्काराचे सार्थक झाले.

आणि खेळातील शेवटचा डाव मोबाइलवर नसावा. फुकेरीच्या हनुमंतगडावर आई-वडिलांसह मुलाने स्वतः चढावे, तेव्हाच त्याचे गुण पूर्ण व्हावेत.